आधी ती सुई बाजूला ठेवा

पायात काही टोचलं की आपल्याकडे पहिला संशय बाभळीवर. साक्रीकडचा माळ असो की पारोळ्याकडचं कपाशीचं रान, “पायमा काटा मोडी गया” म्हणत माणूस सुई तापवायला घेतो. थोडं कोरलं की आत काळा ठिपका दिसतो. हेच टोक, असं वाटून आणखी कोरायचं. रक्त येतं, काटा काही निघत नाही. काही महिन्यांनी शेजारी तसेच आणखी दोन उगवतात, तेव्हा कुठे शंका येते.

काटा कधी पिलं घालत नाही. ती बहुधा चामखीळ असते. हातावरची चामखीळ वर उगवते म्हणून ओळखू येते. तळव्यावरची मात्र अंगाच्या भारानं आत दाबली जाते आणि वरून घट्टा धरते. ते काळे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त. खोल मूळ वगैरे तिला नसतं. एक विषाणू कातडीच्या वरच्या थरात घर करतो, एवढंच. म्हणून मूळ उपटायला निघालेली सुई फक्त नवी जखम करते, आणि विषाणूला जखमच हवी असते.

कुरूप, ज्याला कुणी भोवरी म्हणतं, ते वेगळं. चप्पल एकाच जागी घासून ते होतं आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. घरी ओळखायचं तर उजेडात तळवा नीट बघा. अंगठ्याच्या ठशासारख्या रेषा तळव्यावरही असतात. कुरुपावरून त्या तशाच पुढे जातात. चामखिळीपाशी मात्र त्या तुटतात किंवा वळसा घेतात, शेतात खडक आला की नांगराचं तास बाजूनं जातं तशा. दुसरी खूण: सरळ दाबल्यावर जास्त दुखलं तर बहुधा कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर कळ आली तर बहुधा चामखीळ.

आता घरगुती उपायांबद्दल स्पष्टच बोलतो. बिब्बा लावू नका, त्यानं कातडी भाजून फोड येतात. चुना-सोड्याचा लेप, रुईचा चीक, उदबत्तीचा चटका, दाढीचं ब्लेड, यांतलं काहीही नको. लहान मुलांच्या निम्म्याहून अधिक चामखिळी वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातात. श्रेय मात्र दोरा बांधणाऱ्याला मिळतं. दोऱ्यानं निदान भाजत तरी नाही! मुलाला दुखत नसेल, तर नुसतं थांबणं हाही उपचारच आहे.

चालताना खुपत असेल तर मेडिकलवर सॅलिसिलिक आम्लाचं औषध मिळतं. रोज पाच-दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात बुडवा, वरची पांढरी मेलेली कातडी हलकेच घासा, भोवती व्हॅसलीन लावून औषध नेमकं चामखिळीवरच घाला. आग व्हायला लागली तर दोन-चार दिवस थांबा. हे बारा आठवडे करायचं. आखाजीला सुरुवात केली तर श्रावण तोंडावर येईपर्यंत. बहुतेक जण इथेच कंटाळतात आणि दवाखान्यात चामखीळ गोठवून एकदाचं संपवू म्हणतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तळपायाच्या चामखिळीच्या 240 रुग्णांत या दोन उपायांची तुलना केली, 2011 साली निकाल छापून आला: बारा आठवड्यांनी दोन्हीकडे जेमतेम 14 टक्के पूर्ण बरे. तेव्हा महागडा उपाय म्हणजे हमखास उपाय, असं धरून चालू नका.

घासायची वजरी मात्र वेगळी ठेवा. मोरीतला एकच दगड घरातले सगळे टाचेला घासतात, तिथूनही हा विषाणू पसरू शकतो. वसतिगृहात, आश्रमशाळेत सामाईक न्हाणीघरात मुलांनी स्लिपर घालावी. रावेर-यावलकडे केळीला पाणी देताना पाय तासन्‌तास ओले राहतात आणि भिजलेली कातडी लवकर चिरते. काम झालं की पाय कोरडे करा. चैत्रात सप्तशृंगीला अनवाणी निघणाऱ्यांनी आधी तळवे बघावेत, चामखीळ असेल तर पट्टी लावून झाकावी.

साखरेचा आजार असलेल्या आबांनी-अक्कांनी यातलं काहीही घरी करू नये, कुरुपावर चिकटवायची आम्लाची कॉर्न कॅपसुद्धा नाही. बधिर पायाला आम्लानं भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. तळव्यावर सुन्न चट्टा, न दुखणारी जखम किंवा पसरत जाणारा काळा डाग दिसला, तर चामखीळ समजून थांबू नका. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय गाठा आणि केसपेपर काढताना त्वचारोग विभाग सांगा.

औषध कधी थांबवायचं, हे तळवाच सांगतो. त्या जागेवरून रेषा पुन्हा सरळ जाऊ लागल्या की चामखीळ गेली. मग ती वजरी टाकून द्या.