लब-डबच्या मधला आवाज

शाळेतल्या आरोग्य तपासणीत डॉक्टर मुलीच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवतात, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ ऐकतात आणि कार्डावर लिहितात, ‘हृदयात मर्मर, पुढील तपासणी करावी’. कार्ड घरी पोचते आणि बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. काही घरांत ‘पोरीच्या हृदयाला छिद्र आहे’ म्हणून रडारड सुरू होते, तिचे पळणे-खेळणे बंद होते. काही घरांत कार्ड गुपचूप कपाटात जाते. मुलगी तर चांगली धडधाकट दिसते. उगाच बोभाटा झाला तर उद्या तिच्या लग्नाचे काय? दोन्ही घरे चुकतात, पण दुसऱ्या घराची चूक जास्त महागात पडू शकते.

हे समजण्यासाठी आधी हृदयाचा आवाज म्हणजे काय ते पाहायला हवे. ‘लब-डब’ हा मुख्यतः हृदयातल्या झडपा मिटतानाचा आवाज. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटतात तेव्हा ‘लब’, आणि महारोहिणी व फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात तेव्हा ‘डब’. दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा ही जोडी वाजते. मधल्या वेळात शांतता अपेक्षित असते. रक्त खळबळत वाहू लागले, की त्या शांततेत फुंकर मारल्यासारखा किंवा घरघरल्यासारखा आवाज येतो. तीच मर्मर.

प्रत्येक मर्मर म्हणजे आजार नव्हे. लहान मुलांची छाती पातळ असते आणि रक्ताचा वेग जास्त असतो. त्यामुळे अनेक निरोगी मुलांमध्ये कधी ना कधी ‘लब’ आणि ‘डब’च्या मध्ये हलकी, छोटीशी मर्मर ऐकू येते. ताप, रक्तक्षय किंवा गरोदरपण असेल तर ती वाढते आणि पुढे नाहीशीही होते. अशा मुलांना ना औषध लागते, ना खेळायची बंदी. ‘डब’नंतर पुढच्या ‘लब’पर्यंतच्या काळात येणारी मर्मर मात्र सहसा निर्धोक नसते. तिचा छडा लावावाच लागतो.

आवाजाच्या मोठेपणावरूनही अंदाज बांधू नये. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसे खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातले बारीक छिद्र मोठा आवाज करते, तर मोठे छिद्र कधी जेमतेम ऐकू येते. शिवाय जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाच्या फुप्फुसातला दाब जास्त असल्याने असे छिद्र मुकेच राहू शकते, आणि काही आठवड्यांनी बोलू लागते. जन्मणाऱ्या दर हजार बाळांत साधारण ८ ते ९ जणांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. म्हणून दीड महिन्याच्या लसीकरणाला बाळ येते, तेव्हा त्याची छाती पुन्हा ऐकली गेली पाहिजे.

कपाटातल्या कार्डाची खरी किंमत कळते ती संधिवाताच्या तापात, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरमध्ये. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना एका विशिष्ट जंतूमुळे घसादुखी होते, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि बरेही होतात. हृदयाच्या झडपेला झालेली इजा मात्र मागे राहू शकते. झडप हळूहळू आखडते, अरुंद होते. या अरुंद झडपेची मर्मर खालच्या पट्टीतली, दबका गडगडाट वाटावा अशी असते. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून लक्ष देऊन ऐकले नाही तर निसटते. मुलगी मोठी होते, लग्न होते, दिवस जातात. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. अरुंद झडपेला तो भार पेलत नाही आणि फुप्फुसात पाणी साठून आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. वेळीच कळले असते तर तीन-चार आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे साधे इंजेक्शन पुढची इजा रोखू शकले असते. गरज पडल्यास फुग्याने झडप रुंद करण्याचीही सोय आहे.

आता इको तपासणी आल्यावर कानाने ऐकायचे कशाला, असा प्रश्न विचारला जातो, आणि त्यात तथ्य आहे. रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१६ मध्ये कागदाच्या गुंडाळीतून छाती ऐकली, त्याला दोनशे वर्षे उलटून गेली. कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कानाने जेवढी बाधित मुले सापडली, त्यांच्या सुमारे दहापट इकोने शोधली. तेव्हा कानाला मर्यादा आहेत, हे मान्य करायलाच हवे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यांचा तर बहुधा आवाजच येत नाही. स्टेथोस्कोपने काही सापडले नाही, म्हणजे हार्ट अटॅकची भीती नाही, असे मुळीच नव्हे.

पण इकोचे यंत्र आज प्रत्येक अंगणवाडीत जाऊ शकत नाही, स्टेथोस्कोप जातो. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकांनी अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुले तपासायची आहेत. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताचा हृदयविकार दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. यंत्रणा आहे, तिला शांतता आणि वेळ हवा. गलबल्याच्या व्हरांड्यात, गणवेशावरूनच नळी टेकवून केलेली तपासणी ही तपासणी नव्हे. शाळेने एक बंद खोली द्यावी, मुलींसाठी सोबत शिक्षिका असावी, कपडा बाजूला करून, झोपवून आणि बसवून ऐकावे.

कार्डावर केवळ ‘पुढील तपासणी’ लिहून भागणार नाही. इको कुठे होईल, कोणत्या तारखेला, आणि मूल आले नाही तर घरी कोण जाईल, हेही लिहिलेले असावे. मर्मर निर्धोक निघाली तर तेही त्याच कार्डावर स्पष्ट शब्दांत नोंदवावे, म्हणजे मुलीला पुन्हा मैदानावर जाता येईल. आणि निर्धोक नसेल, तर तिच्या भवितव्याला धोका आजाराचे नाव घेण्याने नाही, ते लपवण्याने आहे, हे पालकांना समजावून सांगण्याचे काम डॉक्टर, शिक्षक आणि आशा सेविका या तिघांचेही आहे.