पळसगावचा यशवंत



जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे कोकणात आवणीची घाई. चिखल करायचा, रोपांच्या मुठी बांधायच्या आणि पाऊस पाठीवर घेत ओणव्याने लावणी करायची. १० जुलै १९४४ रोजी कुलाबा जिल्ह्याच्या शिवारांत हेच चालले असणार. त्याच दिवशी त्या जिल्ह्याचा एक बावीस वर्षांचा पोरगा हजारो मैलांवर, इटली देशात, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडला. त्याचे नाव नायक यशवंत घाडगे. गाव माणगाव तालुक्यातले पळसगाव. कुलाब्याला आज आपण रायगड म्हणतो.

यशवंत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता. जर्मन फौजा डोंगर धरून बसल्या होत्या आणि आपली पलटण त्यांना मागे रेटत चालली होती. यशवंताच्या हाताखाली शिपायांची एक तुकडी होती. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि तुकडीतला एकूण एक जवान ठार किंवा जखमी होऊन पडला. उभा राहिला तो एकटा यशवंत.

अशा वेळी आडोसा धरला असता तरी कोणी बोल लावला नसता. पण तो सरळ मशीनगनवर धावून गेला. पहिल्यांदा हातबाँब टाकून त्याने ती बंद पाडली, मग एकाला गोळी घातली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या. नव्या भरायला सवड कुठली? त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने लोळवले. ठाणे हाती आले, पण लपून बसलेल्या नेमबाजांनी त्याला टिपले. जिंकलेल्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला.

ब्रिटिश सरकारने त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिला. त्या फौजेत याहून मोठे पदक नव्हते. १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून ते घ्यायला यशवंताची पत्नी गेली. पदक घरी आले, माणूस आला नाही. त्याची समाधीही कुठे नाही. ज्यांच्या देहाचा पत्ता लागला नाही अशांची नावे इटलीत कॅसिनो येथल्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत यशवंताचे नाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, ती लढाई इंग्रजांची. आपले पोर परक्यासाठी मेले, त्याचे कौतुक कशाला? हा प्रश्न खोटा नाही. स्वातंत्र्य आल्यावर पुष्कळ गावांत हाच विचार झाला. स्वातंत्र्यसैनिकांची नावे शाळेच्या भिंतीवर लागली, आणि महायुद्धात गेलेले मात्र ना इकडचे ना तिकडचे राहिले. त्यांच्या घरच्यांनी ते दुःख मुकाट गिळले.

पण जरा शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. कोकणात भाताचे एक पीक, वाटण्या होऊन तुकडा तुकडा झालेली जमीन. थोरला भाऊ नांगर धरी, धाकटा मुंबईच्या गिरणीत नाहीतर पलटणीत जाई. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेत पंचवीस लाखांवर माणसे होती आणि ती सारी राजीखुशीने भरती झालेली, असे इतिहास सांगतो. त्या राजीखुशीत पोटाची निकड किती होती, हे आपल्यासारख्यांना सांगायला नको. राज्य कोणाचे, हे त्या पोरांच्या हातात नव्हते. बाजूचा गडी पडला तर आपण मागे फिरायचे की पुढे जायचे, एवढेच त्यांच्या हातात होते. यशवंत पुढे गेला.

आणि ज्यांच्या भूमीवर तो पडला, ते त्याला विसरलेले नाहीत. तेही शेतकरीच. ऑलिव्ह, द्राक्षे, गहू पिकवणारे. त्या भागातल्या मोंतोने गावात २०२३ च्या जुलैमध्ये यशवंत घाडगे यांचे स्मारक उभे राहिले. तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असे वचन त्यावर लॅटिन भाषेत आहे. इटलीत कामी आलेल्या हिंदी जवानांची संख्या पाच हजारांवर जाते.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. माणगावला यशवंताचा पुतळा आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावी पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची आठवण दगडावर कोरली आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणाऱ्या त्या गावाला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. पण ज्यांना पदक मिळाले नाही, पुतळा झाला नाही, त्यांचे काय? तुमच्या भावकीत असा एखादा असेल. आजी त्याचे नाव घेई, मग आई घेऊ लागली, आणि आता नातवंडांना ते ठाऊकही नाही.

तेव्हा मंडळी, एक काम करा. लावणी उरकली की माळ्यावरची जुनी ट्रंक खाली घ्या. पेन्शनचे पुस्तक, पदक, पलटणीचा कागद, जे सापडेल ते कोरडे करून नीट ठेवा. पलटणीचा नंबर आणि शिपायाचा नंबर वेगळ्या वहीत उतरवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नाव, गाव, साल लिहा. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची नोंद कॉमनवेल्थच्या युद्धसमाध्या सांभाळणारी संस्था ठेवते आणि ती फुकट पाहता येते. शिकलेल्या पोराला मोबाइलवर शोधायला सांगा. पुष्कळदा तिथे बापाचे नाव आणि गावही सापडते. नावाचे स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कसेही लिहिलेले असते, म्हणून दोनचार तऱ्हांनी शोधा. अलीकडच्या काळातला जवान असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

मग येत्या ग्रामसभेत तो कागद वाचून दाखवा आणि शाळेत एक फळा लावायचा ठराव करा. त्याला फार खर्च नाही. बांधाचा दगड हलला तर आपण कोर्टापर्यंत जातो. गावचा एक माणूस गावच्या आठवणीतून पुसला जातो, तेव्हाही तेवढीच तळमळ दाखवू या.

पुन्हा भेटूच. रामराम.