रोजच्या शब्दांतला इतिहास

बटाटा, पगार, चावी, पाव, घमेले, तुरुंग हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते परके वाटतच नाहीत. ते आले पोर्तुगीज भाषेतून. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला आणि १५३४ च्या तहाने वसई मिळवली. मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई त्यांच्याकडून घेतली. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता मात्र १९६१ पर्यंत टिकली. पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. त्यावरून पगार आला. हापूस आंब्याचे नाव गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून पडले. काजू आणि बटाटा हे शब्द आणखी दूरचे: मुळात ते अमेरिकेतील आदिवासींच्या भाषांतले. पिकांबरोबर त्यांची नावेही समुद्र ओलांडून मराठी स्वयंपाकघरात रुजली.