मोकळा केलेला गडी

31 ऑक्टोबर 2025 च्या रात्री आमच्या मयूर विहारातील एका मराठी कुटुंबात दोन तट पडले होते. यमुनेपलीकडे, त्यागराज क्रीडागृहात, प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना चालू होता. आजोबा पुणेरी पलटणचे अभिमानी; जन्माने व शाळेने दिल्लीकर असलेला नातू दबंग दिल्लीच्या बाजूचा. पुण्याच्या आदित्य शिंदेच्या चढायांनी अखेरपर्यंत आशा जिवंत ठेवली; परंतु दिल्लीने 31-28 असा विजय मिळविला.

आजोबांना पराभवापेक्षा एक वेगळेच शल्य टोचत होते. "दिल्लीच्या बचावात उभा असलेला तो इराणचा फजल अत्राचली एके काळी आमचा कर्णधार होता!" ते उद्गारले. हे खरेच होते. 2022 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने प्रथम अंतिम फेरी गाठली होती.

नातवाने विचारले, "आजोबा, मग चांगल्या गड्याला सोडतात तरी कशाला?"

मुलाचा प्रश्न साधा, पण उत्तर तितके सोपे नाही. खेळाडूंवर किती पैसा खर्च करावा, याला प्रत्येक संघास मर्यादा असते. म्हणून हंगाम संपला की, काहींना राखून ठेवावयाचे व इतरांना लिलावासाठी मोकळे करावयाचे, असा हिशेब मांडावा लागतो. आणि हा हिशेब नेहमीच जुळतो असे नाही.

इराणच्याच महंमदरझा शादलूईचे उदाहरण पाहा. 2023 च्या लिलावात पलटणने त्याला 2 कोटी 35 लाख रुपयांना घेतले. मार्च 2024 मध्ये पलटणने विजेतेपद मिळविले आणि पुढील लिलावापूर्वी त्याला मोकळे केले. हरियाणा स्टीलर्सने त्याला 2 कोटी 7 लाखांना उचलले. त्या हंगामात पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार जखमी झाला व संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. उलट 29 डिसेंबर 2024 रोजी हरियाणाने करंडक जिंकला, तोही पुण्याच्याच बालेवाडीत!

पण गोष्ट येथे संपत नाही. हरियाणानेही त्याला मोकळे केले. 2025 मध्ये गुजरात जायंट्सने 2 कोटी 23 लाख मोजले, पण तो संघ बाद फेरीबाहेर राहिला. इकडे पलटणने अस्लम, पंकज मोहिते, गौरव खत्री ही जुनी फळी कायम ठेवली, अजय ठाकूर यांच्याकडे प्रशिक्षण सोपविले आणि साखळीत 18 पैकी 13 सामने जिंकले. दिल्लीचेही विजय तेवढेच होते.

तेव्हा लिलावातील बोली म्हणजे माणसाचे मोल नव्हे आणि यादीतून नाव वगळले जाणे म्हणजे त्याच्या गुणांवरील अंतिम निकालही नव्हे. सात गड्यांच्या साखळीत कोणाचा हात कोणाच्या हातात घट्ट बसतो, यावर बरेच काही अवलंबून असते. एका अंगणात न जमलेला गडी दुसऱ्या अंगणात आधारस्तंभ ठरू शकतो.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईकडून कळले की, त्याच आठवड्यात शाळेच्या कबड्डी संघातून त्याचे नाव वगळले गेले होते. घरात त्याने चकार शब्द काढला नव्हता. आदल्या रात्रीचा प्रश्न फजलविषयी नव्हताच, हे आजोबांच्या तेव्हा ध्यानी आले.

वाचकहो, मुले आपले दुःख पुष्कळदा अशा आडवाटेने सांगतात. आजोबांनी त्याला उपदेश केला नाही. सायंकाळी ते त्याच्यासह वसाहतीच्या मैदानावर गेले, धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "चल, घोटा कसा धरावयाचा ते दाखवितो."

काळोख पडेपर्यंत दोघे घरी परतले नाहीत.