जाहीरनाम्याबाहेरची माणसे

यंदा 4 जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 250 वर्षे झाली. त्याचे आपल्याला काय, असे कुणी विचारील. दिवाळी सरली की इथे मंडई भरते, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात; पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या अंकाने फिलाडेल्फियात निघालेल्या जाहीरनाम्याचा विषय कशाला काढावा?

कारण जंगलात राहणाऱ्या माणसांचा उल्लेख त्या कागदावर आहे, आणि तो बरा नाही. सगळी माणसे समान जन्मतात, असे सांगणाऱ्या त्याच जाहीरनाम्यात पुढे इंग्रज राजाचे अपराध मोजले आहेत आणि तिथे मूळ रहिवाशांना निर्दय रानटी म्हटले आहे. मसुदा लिहिणारे थॉमस जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते. हे दाखवून अमेरिकेची थट्टा करणे सोपे आहे. आमच्याकडे ती भरपूर होते, आणि घरातल्या मुलाला व्हिसा मिळाला की थांबते.

थट्टा न करता त्या शब्दांना धरून बसणारे लोक वेगळेच होते. गुलामीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस यांनी 1852 मध्ये गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर विचारले, की तुमचा हा 4 जुलै गुलामाचा कोण लागतो? पुढे गुलामी कायद्याने संपली आणि 1873 साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. जोतीरावांना ते राष्ट्र पूजायचे नव्हते. तिथल्या माणसांनी जे केले ते आपल्या देशबांधवांनी शूद्रातिशूद्रांसाठी करावे, एवढे त्यांचे मागणे होते. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, जॉन ड्यूई यांच्याकडे शिकले. पण स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी पुढे ठासून सांगितले. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, चांद्यात (आजच्या चंद्रपुरात) त्यांनी धम्मदीक्षा दिली. त्या मैदानावर आलेल्यांपैकी कितीजणांना जेफरसन ठाऊक असतील? समान जन्मलो आहोत, हे मात्र त्यांनी त्या दिवशी कुणाच्या परवानगीची वाट न पाहता ठरवून टाकले.

अमेरिकेचा आणखी एक आदर्श आमच्याकडे जिप्सीत बसून येतो. 1872 मध्ये यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. निसर्ग राजेरजवाड्यांचा नव्हे, सर्व जनतेचा, ही कल्पना खरोखर मोठी. पण त्या जनतेत तिथे पिढ्यानपिढ्या शिकार करणाऱ्या जमाती धरल्या नव्हत्या. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. ज्या तारूच्या नावावरून ते नाव पडले, तो वाघाशी झुंजताना मेला असे गोंड सांगतात. त्याचे ठाणे तळ्याकाठी आहे. नवेगाव, बोटेझरी ही गावे मात्र आता आत नाहीत. वाघ वाचला याचा आम्हाला आनंदच आहे. वाचवण्याचा खर्च कोणाच्या नावावर पडला, तेही लिहून ठेवावे.

याच्या उलट दिशेने चाललेले गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आता भाषणांत इतकी वापरली जाते की तिच्यामागची चिकाटी दिसेनाशी झाली आहे. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासह गावाने अभ्यासगट चालवले, कायदे वाचले, आणि निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचे ठरवले. एकाचा विरोध असेल तर पुन्हा बसायचे. अमेरिकन काँग्रेसला हे परवडणार नाही, आपल्या जिल्हा परिषदेला तर नाहीच. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आहे. तरी गावाने तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखाते देईना. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. छापील हक्क आणि बांबूने भरलेला ट्रक यांच्यामध्ये जवळपास दोन वर्षे उभी होती. आदर्शांबद्दल बोलताना आम्हाला मॉन्टिसेलोतल्या जेफरसनच्या हवेलीपेक्षा ते पुस्तक अधिक खरे वाटते.

जेफरसनने जगणे आणि स्वातंत्र्य यांच्या जोडीला सुखाचा शोध हाही माणसाचा हक्क मानला. आमच्याकडे सर्वांत अवघड तोच. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे, दरवर्षी यात्रा भरते. त्याच डोंगरातून लोहखनिज निघते. खाणीवर पगार मिळवणाऱ्या पोराला पहिल्यांदाच सावकाराविना मोटारसायकल घेता आली, हे त्याचे सुख. डोंगर पोखरला तर देव कुठे जाणार, हा म्हाताऱ्यांचा प्रश्न. खाणीचे आकडे फेकून म्हाताऱ्यांना गप्प करणे किंवा संस्कृतीचे नाव घेऊन पोराला दोषी ठरवणे, दोन्ही आम्हाला अप्रामाणिक वाटते. पण ग्रामसभेला न विचारता दोघांच्या वतीने उत्तर देणाऱ्यांच्या बाजूने आम्ही नाही, हे स्पष्ट सांगतो.

या अंकासाठी आम्ही लेखकांना ‘स्वातंत्र्य कुणाचे’ एवढेच विचारले होते. काहींनी झाडीबोलीत लिहिले, काहींनी माडियात. माडिया मजकुरासोबत मराठी भाषांतर दिले आहे. खाणीच्या बाजूचा आणि विरोधातला असे दोन लेख समोरासमोरच्या पानांवर आहेत. दोन्ही लेखकांनी एकमेकांचे लेख छापण्याआधी वाचले. एकाने आपला एक परिच्छेद बदलला, दुसऱ्याने नकार दिला.