सामानालाही खुंटा हवा

ईदला किंवा उन्हाळ्याच्या सुटीत गावी निघालेल्या मोठ्या गाडीत मागून डोकावून पाहावे. शेवटचे सीट दुमडलेले. त्यावर लोखंडी ट्रंक, तांदळाची गोणी, देगची, मुलांच्या बॅगा आणि सगळ्यांवर एक चादर. लगेच पुढच्या सीटवर दादी आणि दोन नातवंडे. त्यांच्या डोक्यामागे रचलेला हा ढीग कशाच्या आधाराने उभा असतो? बहुतेक गाड्यांत फक्त एकमेकांच्या!

बंद डिकीच्या गाडीत सामान वेगळ्या खणात राहते. एसयूव्हीत माणसे आणि सामान एकाच खोलीत प्रवास करतात. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नव्हे. पण पुढचा हिशेब नववीचे मूलही करून दाखवेल. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे 20 पट जोर येतो. म्हणजे 15 किलोची ट्रंक 300 किलोच्या जोराने पुढे येते. धडक दूरच, करकचून ब्रेक मारला तरी तीच ट्रंक साधारण 12 किलोच्या जोराने पुढे ढकलली जाते. कुंभार्ली घाट उतरताना असे ब्रेक किती वेळा लागतात, हे चिपळूणकडच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून सामान बांधायचे. पण कशाला? काही गाड्यांत मागे कडी असतात. आधी ती शोधावीत, गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. नसतील तर चांगल्या गॅरेजमध्ये ती बसवून घेता येतात. मिस्त्रीकडे जाताना काय सांगायचे, ते येथे देत आहोत.

मागचे सीट कायमचे काढले असेल, तर त्याच्या बोल्टची भोके ही सर्वांत उत्तम जागा. तेथे मूळ पत्रा मजबूत केलेला असतो. आटे जुळणारा, कडीचा बोल्ट तेथे बसवावा. सीट बेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू देऊ नये.

नवे भोक पाडायचे असेल, तर मिस्त्रीला आधी गाडीखाली शिरायला सांगावे. डिझेलची टाकी आणि नळ्या, ब्रेकचे पाइप, वायरी, सायलेन्सर यांपैकी काही वर-खाली आले तर ती जागा सोडावी. 8.8 असा छाप असलेला 8 मिलिमीटरचा बोल्ट सरळ ओढला तर सुमारे दोन टन ताण सोसतो. कच्चा असतो तो गाडीचा पातळ पत्रा. नुसता वॉशर लावला तर झटक्याने बोल्ट पत्रा फाडून वर येतो. म्हणून खालून तळहाताएवढी, 3 मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी हवीच. भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड आणि सीलंट लावून घ्यावे, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरतो. कडी पूर्ण बंद असावी. नुसता वाकवलेला हूक जोर आला की उघडतो.

काही जण प्लायवूडच्या फळीला कड्या लावतात आणि फळी तशीच ठेवून देतात. मग ट्रंकबरोबर फळीही पुढे येते! फळी गाडीच्या तळाला बोल्टने बांधलेली हवी.

चार कोपऱ्यांत चार कड्या पुरतात. त्यांत रॅचेटचा पट्टा फुलीसारखा आडवा-तिरपा ओढावा. रबरी दोऱ्या चादरी-उशांपुरत्या ठीक. जड वस्तू सर्वांत खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवावी. ढीग सीटच्या पाठीपेक्षा उंच नको. घरगुती कड्यांची कोणी चाचणी घेतलेली नसते. त्यामुळे त्या आहेत म्हणून जास्त सामान भरणे चूकच.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सामानाच्या शेजारी मूल बसवू नये. मागे आडव्या बाकांच्या गाडीत ‘एक बाजू ट्रंक, एक बाजू मुले’ ही सोय अनेक घरांत सर्रास चालते. दोन्ही मावत नसतील तर ट्रंक टेम्पोने पाठवावी.

आपल्याकडे घरातल्या बाया सामान भरतात आणि पुरुष दार आपटून लावतात. पट्टा ओढण्याचे काम मधल्या मध्ये राहून जाते. कोणी आठवण केली की उत्तर येते, ‘अल्लाह मालिक आहे!’ आहेच, पण आधी उंट बांधा आणि मग भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्या मुलांनाही पाठ आहे. हे काम घरातल्या एका मोठ्या मुलाकडे नेमून द्यावे. पहिल्या चहाच्या थांब्यावर त्याला पट्टे पुन्हा ओढून पाहायला सांगावे. तासाभराच्या रस्त्यात सामान बसते आणि पट्टा सैल पडतो.