घर बांधताना : वारा हवा, गोंगाट नको

द्राक्षांचे पैसे हातात आले की आपल्या नाशिककडे पहिला बेत घराचा. विजेचे बिल वाचावे म्हणून हल्ली मोठ्या खिडक्या ठेवतात. बेत चांगला, पण ज्या खिडकीतून वारा येतो, तिच्यातूनच आवाजही येतो. मुंबई-आग्रा रस्त्याकडे खिडकी काढली, तर रात्रभर ट्रकचे भोंगे उशाशी. मग खिडकी बंद, पंखा चालू आणि वाचवायची वीज गेलीच! २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ट्रकवाल्याला कोण सांगणार?

नाशिकच्या जुन्या वाड्यांत रस्त्याकडे जाड भिंत, उजेड-वारा मधल्या चौकातून. जड भिंत ऊन उशिरा आत सोडते, आवाजही अडवते. पत्रा दोन्ही कामांत नापास. इगतपुरीच्या पावसात पत्र्याखाली शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नाही. पत्राच घालायचा, तर खाली पोकळी सोडून लाकडी तक्तपोशी करावी.

झोपायची आणि मुलांच्या अभ्यासाची खोली मळ्याच्या अंगाला घ्या. कोठीची खोली, न्हाणीघर रस्त्याकडे जाऊ द्या. आणि गवंड्याने फक्की मारण्याआधी एक रात्र त्या जागेवर खाट टाकून झोपून पाहा.